जर्सी सिटीत शाळाप्रवेश: आधी लसीचं कार्ड पाहा

न्यू जर्सीत ५ ते २० वयापर्यंत सरकारी शाळा मोफत आहे. कुटुंबाकडे वैध कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला नाकारता येत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा 'प्लायलर विरुद्ध डो' निकाल त्यामागे आहे. जर्सी सिटीत ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठीही मोफत बालवर्ग आहेत.

आपल्या मुलांचं अडतं ते लसींपाशी. भारतातल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात; इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस धरत नाहीत. गालगुंड आणि कांजिण्यांची लस त्या वेळापत्रकात नाही, इथे मात्र लागते. म्हणून निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह इंग्रजीत नोंद करून घ्या, हे मी आवर्जून सांगेन. परदेशातून आलेल्या मुलाला नोंदी सादर करायला ३० दिवसांची सवलत मिळू शकते.

पत्त्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार किंवा वीजबिल चालतं.

प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारतात, तिथे 'मराठी' लिहायला कचरू नका. त्यावरूनच मुलाचं इंग्रजी तपासतात आणि गरज असेल तर त्याला वेगळी शिकवणी मोफत मिळते.