देवगिरीचे ताल आणि युद्धकैद्यांची चौकडी

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हटलं की आपल्याला आठवतो तो मोठा ऑर्केस्ट्रा. पण तिथे आपल्या घरगुती बैठकीसारखाही एक प्रकार आहे, चेंबर म्युझिक. मोजकेच वादक, हातवारे करणारा संचालक नाही, एकमेकांकडे बघत, एकमेकांचं ऐकत वाजवायचं. अशाच एका रचनेबद्दल मला सांगायचंय, कारण तिचा एक धागा थेट आपल्या मराठी मुलखात पोचतो. आणि आपण वृत्तं शिकणारी मंडळी असल्यामुळे तो धागा आपल्याला इतरांपेक्षा लवकर सापडेल.

रचनेचं नाव ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’. रचनाकार फ्रेंच, ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८-१९९२). पॅरिसच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा श्रद्धाळू कॅथलिक. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्यॉर्लिट्स गावच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. तिथे त्याच्यासोबत तीन वादक कैदी होते : क्लॅरिनेटवाला आँरी आकोका, व्हायोलिनवाला जाँ ल बुलेर आणि चेलोवाला एतिएन पास्किए. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो हा मेळ कुणी ठरवून निवडलेला नव्हता. जे हाताशी होते त्यांच्यासाठी लिहिलं. एका जर्मन पहारेकऱ्याने कागद-पेन्सिली पुरवल्या. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीतल्याच एका बराकीत हे आठ भागांचं काम पहिल्यांदा वाजलं. मेसियाँ पुढे सांगायचा की पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. पण त्या बराकीत फार तर काहीशे माणसं मावत, आणि तारा चारही होत्या असं खुद्द पास्किएचं म्हणणं. दंतकथा सोडून दिली तरी घडलं ते कमी नाही.

बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात एक देवदूत येतो. डोक्यावर इंद्रधनुष्य, एक पाय समुद्रावर, एक जमिनीवर. त्याच्या घोषणेचा अर्थ मेसियाँने ‘आता काळच उरणार नाही’ असा घेतला. आता प्रश्न असा, की संगीत तर काळातच चालतं. मग काळ संपल्याचं संगीतात दाखवायचं कसं?

इथे आपला माणूस येतो. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, काम हिशेबाचं, आणि लिहिला कोणता ग्रंथ, तर ‘संगीतरत्नाकर’! त्याच्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. ती एका फ्रेंच संगीत-विश्वकोशात छापली गेली आणि तिथे मेसियाँला सापडली.

हे देशी ताल आपल्या तीनताल-झपतालासारखे नाहीत. त्यात ठेका नाही. द्रुत, लघु, गुरू, प्लुत अशा कमीजास्त लांबीच्या तुकड्यांची ती मांडणी आहे, म्हणजे तबल्यापेक्षा वृत्ताच्या जवळची. ‘मनाचे श्लोक’ ज्यात आहेत ते भुजंगप्रयात घ्या : लघु-गुरू-गुरू, असं चार वेळा. ओळीच्या एकूण मात्रा वीस.

आता एक गंमत. य गण म्हणजे लघु-गुरू-गुरू. तो उलटा वाचला तर गुरू-गुरू-लघु, म्हणजे त गण होतो. पण र गण, गुरू-लघु-गुरू, उलटा केला तरी र गणच राहतो. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य जसं दोन्हीकडून सारखंच, तसं. अशा लयींवर मेसियाँ फिदा होता. त्याचं म्हणणं, जी लय उलटी फिरवताच येत नाही, तिला पुढे आणि मागे असं काही उरतच नाही. दुसरी युक्ती म्हणजे सरळ चालणाऱ्या लयीत मधेच अर्धी मात्रा वाढवायची. पाय ठेचकाळतो, मोजणी हुकते. या दोन्ही गोष्टी त्याने ‘रागवर्धन’ या देशी तालाचा अभ्यास करताना टिपल्या आणि १९४४ च्या आपल्या पुस्तकात तसं लिहूनही ठेवलं.

चौकडीच्या पहिल्या भागात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून पियानोसाठी १७ सुरांची लय केली आहे. तीच लय पुन्हा पुन्हा येते. तिच्यावर २९ स्वरसमूहांची माळही फिरते. १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे दोघांची सुरुवात पुन्हा एकत्र यायला १७ × २९ = ४९३ स्वरसमूह वाजायला हवेत. आणि हा भाग जेमतेम एक-तृतीयांश वाटेवरच थांबतो! आपल्याकडे कितीही लांब गेलं तरी समेवर भेटायचं असतं. इथे सम येतच नाही. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखे गातात, खाली चाकं फिरत राहतात.

मग हे ‘भारतीय संगीत’ झालं का? माझ्या मते नाही, आणि तसं म्हणून छाती फुगवण्यातही अर्थ नाही. मेसियाँने ताल घेतले ते छापील पानावरून. ठेका, आवर्तन, समेचा आनंद यातलं त्याने काही घेतलं नाही. पण दुसरी बाजूही बघा. शार्ङ्गदेवाच्या यादीतले बहुतेक ताल आज आपल्या मैफलीत ऐकू येत नाहीत. आपण ज्या पानाला नुसता नमस्कार करतो, ते त्या माणसाने वाचलं आणि कैदेत, भुकेल्या पोटी, वापरलं. वारसा वापरला तर जिवंत राहतो, हे मला यातून पटलं.

ऐकायचं असेल तर सहाव्या भागापासून सुरू करा. चौघंही एकच सुरावट एकत्र वाजवतात. हातावर ताल धरायचा प्रयत्न करा, हात चुकेल, आणि अर्धी मात्रा कुठे घुसली ते आपोआप कळेल. मग पाचवा भाग ऐका. फक्त चेलो आणि पियानो, आणि वर लयीची सूचना ‘अनंत संथ’. इंदूरच्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ज्यांनी ऐकलाय, त्यांना दोन मात्रांच्या मधल्या जागेत किती वेळ राहता येतं ते ठाऊक आहे. फरक एवढाच, की खाँसाहेब चौदा मात्रांनंतर आपल्याला समेवर परत आणतात. मेसियाँ परत आणत नाही. छावणीत बसलेल्या माणसाला परतायची जागा कुठे होती? त्याला दिवस मोजणंच थांबवायचं होतं.