32 सेकंद, 256 सूर

ट्रॉम्बोन लग्नाच्या बँडात बघितलेला असतो. ती लांब पितळी नळी पुढे-मागे सरकताना बघायला गंमत वाटते. पण हिशेब मांडायला बसलं की घाम फुटतो.

नळीची लांबी साधारण पावणेतीन मीटर. सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, जागा 7. एक जागा पुढे गेलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिल्या जागेपासून दुसरी 8 सेंटिमीटरवर, सहावीपासून सातवी मात्र 11 वर. कारण नळी जितकी लांबलेली, तितकी ती पुढच्या अर्ध्या स्वरासाठी आणखी लांबवावी लागते. आणि या जागांवर खूण एकही नाही! पेटीची पट्टी दाबली की सूर ठरलेला. इथे पहिल्या जागेजवळ हात एका सेंटिमीटरने चुकला, तर अर्ध्या स्वराचा आठवा हिस्सा घसरला. सारंगीवाल्याला हे दुखणं न सांगता कळेल.

आता 1940च्या दशकातला बीबॉप, म्हणजे जॅझचा एक वेगवान प्रकार, घ्या. मिनिटाला 240 ठोके, दर ठोक्याला दोन सूर. म्हणजे सेकंदाला 8. एका सुराच्या वेळात हाताला पहिल्या जागेवरून सातव्या जागेवर जायचं झालं, तर 57 सेंटिमीटर अंतर ताशी 16 किलोमीटरच्या वेगाने कापावं लागेल, आणि नेमक्या जागी थांबावंही लागेल. चार-चार ठोक्यांच्या 32 मात्राखंडांचं एक आवर्तन 32 सेकंदांत संपतं. न थांबता वाजवलं तर त्यात 256 सूर बसतात. दर सुरामागे हात सरासरी 15 सेंटिमीटर हलला असं धरलं, तर अर्ध्या मिनिटात त्याचा प्रवास 38 मीटर.

म्हणूनच बीबॉप हा सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांचा खेळ, असं पुष्कळांना वाटे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सन या ट्रॉम्बोनवाल्याने ते खोटं ठरवलं. जन्म 1924चा. नवव्या वर्षापासून पियानो, ट्रॉम्बोन हातात आला चौदाव्या वर्षी, आणि अठराव्या वर्षी बेनी कार्टरच्या जॅझ बँडमध्ये नोकरी! प्रावीण्याला दहा हजार तास लागतात असं सांगणाऱ्यांनी हे गणित जरा करून बघावं: चार वर्षं रोज चार तास धरले तरी सहा हजार भरत नाहीत. पुढे काउंट बेसीचा बँड, 1947मध्ये बीबॉपच्या सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करसोबत रेकॉर्डिंग.

त्याची युक्ती हात पळवण्यात कमी, वाचवण्यात जास्त होती. एकच सूर कधी पहिल्या जागेवर मिळतो, कधी चौथ्या. फक्त ओठांचा ताण बदलावा लागतो. पुढचा सूर जिथून जवळ, तिथेच हा घ्यायचा. बाकीचं जिभेचं काम. ते इतकं स्वच्छ, की ऐकणाऱ्यांना वाटे, हा स्लाइडऐवजी वाल्व्हचा ट्रॉम्बोन वाजवतोय.

एवढं करून 1952मध्ये तो स्पेरी कंपनीच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे तपासायला लागला. दोन वर्षं! बिनखुणेच्या नळीवर सेंटिमीटर सांभाळणारा माणूस पगारासाठी कागदावरची मापं तपासत बसला. 1954मध्ये काई विंडिंग या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याशी जोडी जमली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. 1956मध्ये दोघांनी आणखी सहा जण जमवून आठ ट्रॉम्बोनची रेकॉर्ड केली. त्या आठ नळ्या सरळ करून एकापुढे एक मांडल्या तर 22 मीटर, जवळपास दोन एसटी गाड्या. आठही जणांनी सातवी जागा घेतली, तर 31.