बॅकअप आहे, हे कशावरून?

मंडळी, 'माहीत असणं' आणि 'वाटणं' यांतला फरक आपण नेहमी बोलतो. आज त्याचं एक रोकडं उदाहरण घेऊ.

पोस्टग्रेस डेटाबेसमधली माहिती बाहेर काढून ठेवायला पीजी-डंप ही आज्ञा आहे. टर्मिनलवर ती दिली, की तक्ते आणि त्यांतल्या नोंदी एका फाइलमध्ये उतरतात. डेटाबेस बंद करावा लागत नाही. आज्ञा सुरू झाली त्या वेळची सुसंगत प्रत मिळते. पण पीजी-डंपची आवृत्ती सर्व्हरपेक्षा जुनी असेल, तर ती कामाला नकार देते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप शोधू गेले, तर जागा रिकामी! सर्व्हर ९.६चा, पीजी-डंप ९.२ची, प्रत निघतच नव्हती. आणि तसं कळवणारी ईमेलं? तीही वाटेत नाकारली जात होती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची दुसरी एक प्रत सापडली. मधल्या वेळेतलं गेलं ते गेलंच.

तेव्हा आज्ञा चालली म्हणजे प्रत झाली, असं आपण धरून चालू नये. ती फाइल एका रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून बघावी, नोंदी मोजाव्यात. मगच 'आमच्याकडे बॅकअप आहे' असं म्हणायचा अधिकार आपल्याला मिळतो.