मोहीम आखताना आधी प्रश्न ठरतो

(शेलूबाजार, जि. वाशीम येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

ग्रहांवरची मोहीम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रॉकेट उभं राहतं. पण मोहीम सुरू होते कागदावर, एका प्रश्नाने. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत २०११ पासून विद्यार्थ्यांची एक स्पर्धा भरू लागली. वेगवेगळ्या देशांतले ३२ विद्यार्थी, दोन संघ आणि हाताशी फक्त पाच दिवस. २०१३ मध्ये विषय होता मंगळाच्या उपग्रहावर माणूस उतरवण्याचा. पाच दिवसांत अख्खी मोहीम आखायची!

ती आखतात कशी? आपण लोणारचं उदाहरण घेऊ. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर आपण सहलीत पाहिलेलं असतं. अवकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर. चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्ट आहे, म्हणून तिथल्या विवरांचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात. आता साधा प्रश्न: हे विवर किती जुनं? एका पद्धतीने उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं. वितळलेल्या दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं, तेव्हा आलं पाच लाखांहून जास्त. विवर तेच, पण उत्तरात दहापट फरक.

लोणारला शंका आली तर पुन्हा जाता येतं, दुसरा दगड उचलता येतो. मंगळावर तसं जमत नाही. म्हणून आधीच ठरवावं लागतं: प्रश्न कोणता, तो कोणत्या मोजमापाने सुटेल, त्याला कोणतं उपकरण लागेल, त्याचं वजन किती, वीज किती. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्याकडे याला प्रमाणविचार म्हणतात. काय जाणायचं हे ठरलं, की ते कशाने जाणता येईल हेही पाहायचं.

मग खरा वाद सुरू होतो. एकाला खोल खणायचं असतं, दुसऱ्याला वातावरण मोजायचं असतं, आणि तिसरा म्हणतो, वजनात बसत नाही. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा; त्यावर वैज्ञानिक उपकरणं दोनच. आता मतदान घेऊन काही वजन कमी होत नाही! आपलं आवडतं उपकरण का सोडलं, हे परक्या देशातल्या सोबत्याला पटेल अशा कारणाने सांगावं लागतं. सहकार्य म्हणतात ते हेच.

मापंही एक हवीत. एकाने उत्पन्न एकरी सांगितलं, दुसऱ्याने हेक्टरी समजलं, तर हिशेब बुडालाच. १९९९ मध्ये नासाचं एक यान मंगळाजवळ असंच गेलं. एका गटाचे आकडे पौंडातले होते, दुसऱ्याने ते न्यूटनमधले धरले.

आपल्या मुलांना वाटतं, हे सगळं दूरच्या लोकांचं काम. परदेशी जायला पैसा लागतो, इंग्रजी लागतं, हे खरंच. पण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभराचा ‘स्वयम्’ उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी सोडला. तेव्हा पुढच्या सहलीत लोणारच्या काठावर मुलांना एक वही द्या. एक प्रश्न, एक मोजमाप, एक उपकरण एवढंच लिहायला सांगा. मग म्हणा, तुमच्या पेटीत फक्त दोन किलो मावतात. त्यानंतर जो वाद होईल, तो मध्येच थांबवू नका.