विश्लेषण : दुखापत बार्सिलोनाची, फटका लेगानेसला? फुटबॉलमधील ‘आपत्कालीन’ खेळाडू खरेदीचा नियम वादात का सापडला?

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपली आणि त्यानंतर एखाद्या क्लबचा महत्त्वाचा खेळाडू जायबंदी झाला, तर त्या क्लबला बदली खेळाडू घेऊ द्यावा का? बहुतेक चाहते ‘हो’ म्हणतील. पण तो बदली खेळाडू दुसऱ्या क्लबमधून उचलून आणला, तर त्या दुसऱ्या क्लबने काय करायचे? फेब्रुवारी २०२०मध्ये स्पेनच्या ‘ला लिगा’त हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. त्यात बार्सिलोनाला आघाडीपटू मिळाला आणि लेगानेस या छोट्या क्लबच्या आक्रमणात खिंडार पडले.

नेमके काय घडले?

बार्सिलोनाचा लुईस सुआरेझ जानेवारीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे संघाबाहेर गेला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरावात उस्मान डेम्बेलेच्या मांडीचा मागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) दुखावला. त्याच्यावर फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो सुमारे सहा महिने खेळू शकणार नाही, असे स्पष्ट झाले. स्पेनमधील हिवाळी ट्रान्सफर विंडो ३१ जानेवारीलाच बंद झाली होती.

मात्र स्पॅनिश नियमांत एक पळवाट नव्हे, तर चक्क दरवाजाच होता. एखादा खेळाडू पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ खेळू शकणार नसेल, तर वैद्यकीय खातरजमेनंतर क्लबला मुदतीबाहेरही एक बदली खेळाडू घेता येत असे. अट एवढीच, की तो स्पेनमध्येच खेळत असलेला किंवा कोणत्याही क्लबशी करार नसलेला असावा. बार्सिलोनाने परवानगी मिळवली आणि २० फेब्रुवारीला लेगानेसचा डॅनिश आघाडीपटू मार्टिन ब्रेथवेट याच्या करारातील १ कोटी ८० लाख युरोंचे ‘रिलीज क्लॉज’ भरून त्याला संघात घेतले.

माद्रिदला लागून असलेल्या लेगानेस शहराचा हा क्लब २०१६मध्ये पहिल्यांदा ला लिगात पोहोचला. त्याच्या बुतार्के स्टेडियमची क्षमता जेमतेम १२ हजारांच्या आसपास. त्या वेळी संघ पदावनतीच्या विभागात अडकला होता आणि त्यातून बाहेर पडण्याची त्याची मुख्य आशा ब्रेथवेटवरच होती. दुसरा भरवशाचा आघाडीपटू युसेफ एन-नेसिरी जानेवारीतच सेव्हियाकडे गेला होता. म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांत दोन्ही प्रमुख आघाडीपटू गेले.

लेगानेस ‘नाही’ का म्हणू शकला नाही?

इथे दोन नियम एकमेकांत अडकतात. स्पेनमध्ये १९८५च्या शाही आदेशानुसार खेळाडूला ठरावीक भरपाई देऊन करार मोडण्याचा हक्क आहे. त्यामुळे तिथल्या खेळाडूंच्या करारांत ‘रिलीज क्लॉज’ असते. ती रक्कम जमा झाली आणि खेळाडू जायला तयार असला, की क्लबच्या होकार-नकाराचा प्रश्नच उरत नाही.

एरवी हे फारसे बोचत नाही. विंडो सुरू असताना खेळाडू गेला, तर आलेल्या पैशांतून क्लब दुसरा आणू शकतो. पण फेब्रुवारीत लेगानेसकडे पैसे होते, बाजार बंद होता. आपत्कालीन नियमाचा आधार घ्यावा, तर त्यासाठी आपला खेळाडू जायबंदी असावा लागतो. ब्रेथवेट ठणठणीत होता, फक्त तो आता बार्सिलोनाकडे होता! आम्हालाही बदली खेळाडू घेऊ द्या, ही लेगानेसची मागणी मान्य झाली नाही.

वेगवेगळे पाहिले, तर दोन्ही नियम समजण्यासारखे आहेत. एक खेळाडूच्या स्वातंत्र्याचा, दुसरा दुर्दैवी क्लबला आधार देण्याचा. एकत्र आले, की मात्र रिकामी जागा भरली जात नाही, ती गुणतालिकेत खालच्या क्लबकडे सरकते. लेगानेसला परवानगी दिली असती, तर त्यानेही आणखी लहान क्लबचा खेळाडू उचलला असता, हेही तितकेच खरे.

बार्सिलोनाची ‘आपत्ती’ कितपत खरी?

दुखापती खऱ्या होत्या, यात शंका नाही. पण सुआरेझवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विंडो बंद व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ शिल्लक होता. त्या काळात आघाडीपटू आणणे तर दूरच, बार्सिलोनाने कार्लेस पेरेझला रोमाकडे आणि आबेल रुईझला ब्रागाकडे जाऊ दिले. ही संघबांधणीतील चूक होती आणि तिची भरपाई आपत्कालीन नियमाने करून दिली. ‘युएफा’ने मात्र अशी सवलत दिली नाही. नोंदणीची मुदत उलटल्यामुळे ब्रेथवेट त्या हंगामात बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीगमध्ये खेळू शकला नाही.

एका गुणाची गोष्ट

ब्रेथवेटच्या करारानंतर दोनच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, दोन सामने झाले. बार्सिलोनाने एइबारला ५-० असे हरवले आणि ब्रेथवेट बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. त्याच दिवशी लेगानेस सेल्टा विगोकडून ०-१ असा हरला.

हंगामाचा शेवट पाहिला, की हा निकाल अधिक टोचतो. १९ जुलैला अखेरच्या फेरीत लेगानेसने विजेत्या रेयाल माद्रिदला २-२ असे रोखले. पण त्यांना विजयच हवा होता. अंतिम तालिकेत लेगानेसचे ३६ गुण झाले आणि त्यांची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. ३७ गुणांसह बचावलेला संघ होता सेल्टा विगो.

मग ब्रेथवेट असता, तर लेगानेस वाचला असता? असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. करोनामुळे स्पर्धा थांबली तेव्हा लेगानेसचे २७ सामन्यांत २३ गुण होते. नंतरच्या ११ सामन्यांत, ब्रेथवेटशिवाय, त्यांनी १३ गुण मिळवले, म्हणजे वेग आधीपेक्षा बराच होता. शिवाय १ कोटी ८० लाखांचा आकडा लेगानेसने स्वतःच करारात मान्य केला होता आणि पूर्ण पैसेही त्याला मिळाले. बार्सिलोनाने नियम मोडला नाही, हेही नोंदवायला हवे. पण एखादा नियम न्याय्य आहे का, हे शेवटच्या तक्त्यावरून ठरवणे चुकीचे. एकाच स्पर्धेतील दोन संघांपैकी एकाला दुरुस्तीची मुभा आणि दुसऱ्याचे हात बांधलेले, इथेच समतोल बिघडला होता.

इतर ठिकाणी काय होते?

इंग्लंडमध्ये ही सवलत प्रामुख्याने गोलरक्षकांपुरती आहे आणि तीही लीगच्या परवानगीने, अल्प मुदतीच्या उसनवारीवर. एप्रिल २०१०मध्ये मँचेस्टर सिटीचा शे गिव्हन खांदा निखळल्यामुळे बाहेर गेला. त्यांचाच जो हार्ट बर्मिंगहॅमकडे उसना होता, पण त्याला परत बोलावण्याची परवानगी मिळाली नाही. अखेर संडरलँडचा मार्टन फ्युलोप उसना आला. चौथ्या स्थानासाठीच्या निर्णायक सामन्यात सिटी टॉटनहॅमकडून ०-१ असा हरला, तेव्हा गोलपोस्टसमोर फ्युलोपच होता. संडरलँडच्या संमतीने आलेला, हंगाम संपताच परतणारा गोलरक्षक आणि कायमचा नेलेला आघाडीपटू यांत फरक आहेच.

भारतीय वाचकांना आयपीएलचे उदाहरण जवळचे वाटेल. तिथे जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, पण तो लिलावात न विकल्या गेलेल्यांच्या यादीतून. मुंबईचा गोलंदाज जखमी झाला म्हणून चेन्नईचा उचलता येत नाही.

पुढे काय बदलले?

ब्रेथवेट प्रकरणानंतर स्पॅनिश महासंघाने हा दरवाजा बंद केला. आता मुदतीबाहेर बदली खेळाडू घ्यायचा, तर तो करारमुक्त असावा लागतो. त्याचा पहिला मोठा प्रत्यय बार्सिलोनालाच आला. सप्टेंबर २०२४मध्ये गोलरक्षक मार्क-आंद्रे टेर स्टेगनच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. क्लबने महिन्याभरापूर्वीच निवृत्ती जाहीर केलेल्या वॉयचेख श्चेंस्नी याला परत मैदानात आणले. पोलंडच्या या गोलरक्षकामुळे कोणाचाही गोलपोस्ट रिकामा झाला नाही.

ब्रेथवेटने त्या २०१९-२० हंगामात बार्सिलोनासाठी लीगमध्ये एकच गोल केला, १३ जूनला मायोर्काविरुद्ध. करोनाच्या विश्रांतीमुळे बरा झालेला सुआरेझही त्याच सामन्यात मैदानात परतला. लेगानेसला ला लिगात परतायला २०२४ उजाडले आणि त्या वर्षी १५ डिसेंबरला त्यांनी बार्सिलोनाला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले.