पेशींचा उपवास आणि रक्ताचा कर्करोग

गेल्या श्रावणात आमच्याकडे येणाऱ्या एका किराणा दुकानदाराने आपली गोळी बंद केली. वय छप्पन्न. चार वर्षांपूर्वी त्यांना ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. रोज इमॅटिनिबची गोळी घेऊन ते व्यवस्थित दुकान चालवत होते. पुतण्याने मोबाईलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. उपवास केला की शरीर खराब पेशी स्वतःच खाऊन टाकते, जपानी शास्त्रज्ञाला त्यावर नोबेल मिळाले आहे, मग गोळ्या कशाला? अडीच महिन्यांनी धाप लागते आणि डाव्या बरगडीखाली जड वाटते म्हणून ते आले, तेव्हा पाणथरी हाताला लागत होती आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या होत्या.

“डॉक्टरसाहेब, नोबेलसुद्धा खोटे असते का हो?” त्यांनी विचारले. गर्दीच्या वेळी पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. त्यांच्याच परवानगीने येथे देतो.

नोबेल खोटे नाही. आपल्या प्रत्येक पेशीत रोज मोडतोड होत असते. प्रथिने बिघडतात, ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया नावाची केंद्रे जुनी होतात. हा माल पेशी बाहेर फेकून देत नाही. त्याच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते आणि ती पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते. तेथे सारे विरघळते व सुटे झालेले घटक पुन्हा बांधकामाला लागतात. गुऱ्हाळात उसाचे चिपाड वाळवून त्याच कढईखाली जाळतात, तसाच हा व्यवहार. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियन द दुव यांनी १९६३ साली याला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, पेशी उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ती चालवणारी जनुके शोधून काढली. हे काम १९९२-९३ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१६ साली त्यांना नोबेल मिळाले. ते मिळाले यीस्टमधील यंत्रणेच्या शोधाबद्दल, माणसाच्या एकादशीबद्दल नव्हे! (आपल्या एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटे असतात, त्यामुळे पेशी उपाशी राहण्याचा प्रश्न तसाही फारसा येत नाही.)

रक्ताशी या यंत्रणेचे नाते फार जवळचे आहे. तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होताना आपले केंद्रक टाकून देते आणि आपली मायटोकाँड्रिया स्वभक्षणाने साफ करते. मगच ती सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहण्याच्या कामाला लागते. प्रतिकारशक्तीचेही तसेच. क्षयाचा जंतू आपल्याला गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात लपून राहतो, हे त्याचे जुने कसब. या लपलेल्या जंतूला स्वभक्षणाच्या मार्गाने लायसोसोमपर्यंत नेऊन मारता येते, असे २००४ साली प्रयोगशाळेत दिसून आले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी दिवसरात्र प्रथिने तयार करतात. त्यांना ही सफाई नसेल तर त्या तग धरत नाहीत.

ही सफाई बंद पडली तर काय होते? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ साली उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशींमधील या यंत्रणेचे एक जनुक काढून टाकले. मूळपेशींत बिघडलेली मायटोकाँड्रिया साठत गेली, उंदरांना रक्तक्षय झाला, एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आणि उंदीर काही आठवड्यांत मेले. तेव्हा निरोगी मज्जेत स्वभक्षण हे संरक्षणच आहे, यात शंका नाही.

मोबाईलवरच्या मजकुरात मात्र अर्धीच गोष्ट असते. कर्करोगाची पेशी ही आपलीच पेशी असते, आणि ही यंत्रणा तिच्याजवळही असते. औषधाचा मारा झाला, अन्न कमी पडले, की तीही स्वतःतला माल मोडून दिवस काढते. आमच्या दुकानदारांच्या आजारात इमॅटिनिबच्या माऱ्याखाली काही मूळपेशी नेमक्या याच युक्तीने टिकून राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीच उधळतात आणि त्याही स्वभक्षणावर जगतात. (साठीनंतरची न थांबणारी पाठदुखी आणि सोबत रक्त कमी असेल, तर केवळ वयाला दोष देऊ नका, तपासणी करून घ्या.) म्हणून शास्त्रज्ञांनी उलटाच प्रयत्न केला. हिवतापाच्या क्लोरोक्विनच्या जातीतले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध लायसोसोमचे काम अडवते. ते कर्करोगाच्या औषधांबरोबर रुग्णांना देऊन पाहिले. अजून ते नेहमीच्या उपचारात आलेले नाही, तेव्हा कोणी स्वतःहून घेऊ नये. पण गंमत पाहा, मजकूर सांगतो की स्वभक्षण वाढवा, आणि संशोधक ते बंद पाडू पाहत होते!

एकाच रोगात ही क्रिया मित्र आणि दुसऱ्यात शत्रू, असेही घडते. ल्युकेमियाच्या एका तीव्र प्रकारात सोमल, होय, तोच जुना विषारी सोमल, शुद्ध स्वरूपात शिरेतून देतात आणि रोग बहुतेकांचा बरा होतो. त्यात रोगाचे मूळ असलेले बिघडलेले प्रथिन नष्ट होते व त्या कामात स्वभक्षणाचाही हात आहे.

उपाशी राहून आपल्या मज्जेतली कोणती पेशी सावरेल आणि कोणती माजेल, हे आपल्याला निवडता येत नाही. निवड करते ती गोळी. इमॅटिनिब कर्करोगाच्या पेशीतल्या बिघडलेल्या एका विशिष्ट प्रथिनावर नेम धरते. ती २००१ साली अमेरिकेत बाजारात आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली परदेशी कंपनीला तिच्या नव्या रूपाचे पेटंट नाकारले. देशी कंपन्यांची स्वस्त गोळी त्यामुळे मिळत राहिली. चार-पाच वर्षे सगळे तपास उत्तम आले तर काही रुग्णांची गोळी थांबवतातही, परंतु ती तज्ज्ञाने, आणि दर महिन्याला रक्त तपासत.

दुकानदारांची गोळी पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांत पेशी आटोक्यात आल्या, पाणथरीही उतरली. रोगाने दरम्यान रूप बदलले आहे की काय, हे पाहण्यासाठी जनुकाची तपासणी पुण्याला पाठवली होती, ती सुदैवाने ठीक निघाली. परवा ते आले तेव्हा त्यांनी भीतभीत विचारले, “आषाढी एकादशी करू का?” मी म्हटले, जरूर करा. गोळी मात्र रिकाम्या पोटी नको, खिचडी खाऊन मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या.