मागे लागणं, तगादा आणि पाठपुरावा

आज योजना नाही, पाककृती नाही. आज एका शब्दाबद्दल बोलू या. शब्द तुमच्या-आमच्या तोंडचाच आहे : मागे लागणं. पोरगं सायकलीसाठी मागे लागतं. सासूबाई नातवासाठी मागे लागतात. हप्तेवाला पैशासाठी मागे लागतो आणि कंपनीच्या बसथांब्यावरचा एखादा टवाळ मोबाईल नंबरासाठी मागे लागतो. शब्द चौघांना एकच, पण चौघांना एकच उत्तर देऊन कसं चालेल?

आपली भाषा याबाबत चांगली सावध आहे. लहान मूल रडव्या आवाजात तेच तेच मागतं ती पिरपिर. कानाशी डास गुणगुणावा तसं चालू राहतं ती भुणभुण. एकच मागणी धरून बसायचं ते टुमणं. मोठी माणसं भुणभुण करत नाहीत, ती लकडा लावतात. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच येणारा-जाणारा 'काय, काही विशेष?' विचारू लागतो, तो लकडा. यातला प्रत्येक जण आपल्या मते एकदाच विचारत असतो. ऐकणारीच्या कानावर ते पन्नासाव्यांदा पडतं. मग ती म्हणते, यांनी मला भंडावून सोडलं, जीव मेटाकुटीला आणला.

आता तगादा. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, हिंदीत तो तकाजा म्हणून आहे. मूळचा तो येणेकऱ्याचा शब्द. आज आपण सायकलीसाठीही तगादा म्हणतो, पण त्याचा जुना वास गेलेला नाही. तगादा लावणाऱ्याचं आपल्याकडे काहीतरी येणं आहे, असं तो शब्दच सांगतो. म्हणून तगाद्यापुढे आपली मान आधीच खाली जाते. पैसे घेतलेत ना, मग ऐकून घ्यायला हवं, असं वाटतं.

तसं नाही हो. चाकण, म्हाळुंगे, भोसरी, तळवड्याच्या पट्ट्यात गटाने कर्ज देणाऱ्या कंपन्या घरोघरी पोचल्या आहेत, आणि त्यांच्या तगाद्याला रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कुंपण घातलं आहे. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज. त्याची वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच करायची. तिथे आपण लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा गेलो नाही, तरच माणूस घरी किंवा कामावर येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. पुन्हा पुन्हा फोन करणं, शिव्या-धमक्या देणं, नातेवाइकांना किंवा बरोबर काम करणाऱ्यांना त्रास देणं, थकबाकीदार म्हणून नाव चारचौघांत जाहीर करणं, हे सगळं नियमाच्या भाषेत छळ आहे. पहिल्या पाळीला जाणारी बाई सापडावी म्हणून पहाटे सहाला फोन लावणारा नियम मोडतो आहे. तिचे तीन हप्ते थकले असले तरी.

आणखी एक गोष्ट आम्हाला बोचते. पुष्कळदा साहेब बाहेर मोटारसायकलवर बसून असतो आणि गटातल्या बायकाच थकलेल्या मैत्रिणीच्या दारात जाऊन बसतात. तगाद्याचं त्याचं काम आपण फुकट करतो आणि वर्षानुवर्षांचं बोलणं-चालणं तोडून बसतो. तक्रार करायची तर आधी कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा माहितीचा नंबर १४४४८.

पण आपल्या भागातला सगळ्यात अवघड लकडा माहेरचा. एमआयडीसी आली, रस्ते रुंदावले, गुंठ्याचा भाव वर गेला, आणि भाऊबीजेला ताटाशेजारी कागद येऊ लागला : 'ताई, हक्कसोडपत्रावर सही तेवढी कर.' पहिल्यांदा हसून. मग वहिनीचा फोन. मग मामा, मग गावातला वजनदार माणूस. शेवटी, 'माहेर तोडायचंय का तुला?' प्रत्येक जण गोडच बोलतो, म्हणून ती याला छळ म्हणत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने दिला. त्या वेळी वडील हयात नव्हते तरी तो हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. हक्क सोडायचा की ठेवायचा, तिचं तिने ठरवावं. खुशीने सोडणाऱ्या बहिणीही आहेत, त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. एवढंच की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेली सही सहज मागे घेता येत नाही. 'दबावाने घेतली' असं पुढे म्हणायचं तर ते सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं. सही करण्याआधी सल्ला हवा असेल, तर बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन १५१००.

बसथांब्यावरच्या टवाळाबद्दल जास्त बोलायला नको. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार पाठीमागे येणं, बोलायला बघणं, मोबाईलवर तिच्यावर नजर ठेवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. चाकणचं पोलीस ठाणे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे. तातडीला ११२. त्याला 'मागे लागलाय' म्हणू नका, त्यात कौतुकाचा सूर येतो. 'पाठलाग करतोय' म्हणा, तक्रारीतही तेच लिहा.

आता गंमत बघा. 'पिच्छा पुरवणं' आणि 'पाठपुरावा करणं' या दोन्हीत आहे काय? पिच्छा म्हणजे पाठच, आणि पुरवणं म्हणजे शेवटपर्यंत नेणं. हाडं तीच. पण पिच्छा पुरवणारा नकोसा होतो आणि पाठपुरावा करणाऱ्याचा सत्कार होतो. आमच्या मते फरक असा : ज्याच्या मागे लागलो त्याला नाही म्हणायची मोकळीक हवी होती, तर तो पिच्छा. ज्याचं ते कामच आहे त्याच्या मागे लागलो, तर तो पाठपुरावा. नळाला पाणी नाही म्हणून गटाच्या बायका ग्रामपंचायतीत दर सोमवारी गेल्या, तर 'या बाया फार पिडतात' असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

फक्त तोंडी जाऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. त्यालाच पोच म्हणतात. महिना गेला तर माहितीच्या अधिकारात विचारा, 'आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?' विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांच्या आत लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या घराला फी नाही, फक्त दाखला जोडा. उत्तराची मुदत ३० दिवस. तो अर्ज दिल्याचा दिवस गटाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे एकतिसाव्या दिवशी अपील कोणी लिहायचं ते बैठकीत ठरवता येईल.